सात घरांपुढे लिहिलेलं ‘चालते’

हे लिहू नकोस, असं मला तिघांनी सांगितलं आहे. ज्याच्या हाताखाली मी बारा वर्षं काम केलं त्या ठेकेदाराने धमकावून सांगितलं, थोरल्या भावाने समजुतीने, आणि बायकोने दोन्ही मिसळून. तिचं म्हणणं, झालं ते निस्तरलं, आता ते गावभर सांगत कशाला सुटायचं. मी तिघांचंही ऐकलेलं नाही. मी एक खोटा तक्ता भरला आणि त्यापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली. ज्यांना विसरायचं आहे त्यांनी खुशाल विसरावं. मला विसरायला लावायचा हक्क मी कुणाला देत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात राइस मिलच्या रस्त्यावर माझं एका गाळ्याचं दुकान आहे. पूर्वी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो, आता फायबर ओढतो आणि घराघरांत इंटरनेटचा राउटर बसवतो. आमच्याकडे त्याला कुणी राउटर म्हणत नाही, डबाच म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मी किती डबे भिंतींवर ठोकले असतील, त्याची मोजदाद नाही. तरी त्या डब्याच्या पोटात नेमकं काय चालतं याचा विचार मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत केला नव्हता. दिवा हिरवा लागला, मोबाइलवर चित्र हललं, की माझं काम झालं.

जंगलभागात काम करणारी एक संस्था आहे. तिचं एक रुग्णालय आहे आणि लांबलांबच्या गावांत राहणाऱ्या अकरा सिस्टर आहेत. गरोदर बायांचं वजन, रक्तदाब, रक्तातलं लोह, बाळ झालं की त्याचं वजन, हे सगळं त्या रोज तपासतात. ते आकडे त्याच दिवशी रुग्णालयातल्या डॉक्टरांना दिसावेत म्हणून चंद्रपूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी एक योजना तयार केली. सिस्टरने आकडे टॅबमध्ये भरायचे, टॅब ते घरातल्या एका लहान पेटीला देणार, आणि पेटी ते इंटरनेटवरून रुग्णालयाला पाठवणार. पेट्या बसवायचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं, म्हणजे मला.

मॅडमच्या योजनेतली खरी गोष्ट पेटी नव्हती, पाठवायची पद्धत होती. इंटरनेटवर माहिती तुकड्यांनी जाते. ते तुकडे कसे न्यायचे, वाटेत हरवले तर काय करायचं, याचे ठरलेले नियम असतात. सगळं जग बहुतेक दोनच जुन्या पद्धतींवर चालतं. त्यांच्याखेरीज आणखीही पद्धती हुशार माणसांनी केव्हाच तयार करून ठेवल्या आहेत, पण घरगुती वापरात त्या दिसत नाहीत. मॅडमनी त्यांतली एक निवडली, कारण ती एकाच वेळी दोन रस्ते धरून ठेवते. फायबर तुटलं तर बोलणं न तोडता मोबाइलच्या सिमवरून पुढे जाते. आमच्याकडे रस्ता रुंद करणारं मशीन आठवड्यात दोनदा फायबर तोडतं आणि टॉवरची बॅटरी संपली की मोबाइल मरतो. दोन्ही एकदम मरायची वेळ मात्र कमी. म्हणून ही पद्धत आमच्या भागासाठीच कुणी शोधली असावी असं मलाही वाटलं.

शंका एकच होती, आणि ती मॅडमनी मला दुकानात बसून नीट समजावली. घरात चार मोबाइल असतात, पण बाहेरच्या जगाला घराचा पत्ता एकच दिसतो. बाहेरून आलेलं उत्तर कोणत्या मोबाइलचं, हे डबा लक्षात ठेवतो. त्यासाठी तो प्रत्येक तुकड्यात एक ठरावीक नंबर बघतो. दोन जुन्या पद्धतींत तो नंबर कुठे असतो हे त्याला शिकवलेलं आहे. तिसऱ्या पद्धतीचा तुकडा आला, की काही डबे नुसता पत्ता बदलून त्याला जाऊ देतात आणि काही टाकून देतात. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे जंगलातला नाका. तिथल्या माणसाला बांबूचा पास माहीत, तेंदूपत्त्याचा पास माहीत, तिसराच कागद दाखवला तर तो गाडी सोडेल किंवा अडवेल. त्या हसल्या. म्हणाल्या, “नाक्यावरचा माणूस निदान नाही म्हणतो. तुमचा डबा नाही म्हणत नाही. तुकडा टाकतो आणि गप्प बसतो. म्हणून तुम्हाला प्रत्येक घरात जावं लागेल.”

प्रत्येक घरात. हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले होते.

त्यांनी एक जुना लॅपटॉप दिला. तो डब्याला जोडायचा, वीस मिनिटं तपासणी चालवायची आणि तक्त्यात लिहायचं. घर कुणाचं, डबा कोणता, फायबरवरून जाते का, मोबाइलवरून जाते का. अकरा घरं, दोन रकाने.

मी चार घरं केली. दोन मूलच्या बाजूची, एक गडचिरोलीजवळचं आणि एक पार जिवतीच्या डोंगरावरचं. चारही ठिकाणी फायबरवरून तुकडे आरपार गेले. मोबाइलचा रकाना मात्र मी एकाही घरात तपासला नाही, कारण सिम काढून लॅपटॉपला लावायची कटकट होती आणि फायबरवर जाते ते मोबाइलवर का नाही जाणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

मग एटापल्लीच्या बाजूला निघालो. मार्च सरत आला होता. पहाटे गाडी काढली आणि नऊला त्या गावी पोचलो, तर गाव रिकामं. मोहफुलं वेचायचे दिवस. उजाडायच्या आत घरंच्या घरं झाडाखाली जातात. सिस्टरसुद्धा त्या दिवसांत उपकेंद्रात बसत नाहीत, वजनकाटा घेऊन मोहाच्या झाडाखालीच जातात, कारण बाया तिथेच सापडतात. त्यांच्या खोलीला कुलूप होतं आणि मेन स्विच खाली पाडलेला होता. मागे एकदा कुणीच घरी नसताना एका घरची वायर जळाली होती, तेव्हापासून त्या ओळीत मोहाला निघताना मेन पाडूनच निघतात. वीज नाही तर तपासणी कसली. ओट्यावरच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला दुपारी येतीन, नाईतर उद्या. मी अकरापर्यंत वळचणीला बसलो आणि उठलो.

एटापल्लीच्या एका हॉटेलात चहा पिताना मी तक्ता काढला. बाकीच्या गावांतही हेच असणार, मोहाच्या दिवसांत कोण भेटतंय. डबे तर सगळीकडे तेच, मीच बसवलेले. एक चहा संपायच्या आत मी सात घरांपुढे लिहिलं, ‘चालते’. मोबाइलच्या रकान्यात अकराही घरांपुढे लिहिलं, ‘चालते’. अक्षर चांगलं काढलं.

आता याहून वाईट सांगतो. ज्यांच्या खोलीला कुलूप होतं त्या सिस्टरच्या घरी एक नाही, दोन डबे आहेत हे मला माहीत होतं. त्या किराणा दुकानदाराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात. लाइन दुकानदाराच्या नावाने आलेली, त्याच्या डब्याचं वायफाय मधल्या भिंतीपलीकडे जाईना, आणि त्याला स्वतःचा पासवर्डही कुणाला द्यायचा नव्हता. तेव्हा त्याच्या डब्यातून वायर काढून सिस्टरच्या खोलीत मीच दुसरा डबा लावून दिला होता. आमच्या भागात निम्म्या गावांत हे असंच असतं. एका घरी लाइन येते, शेजारचे तिच्यातून लाइन घेतात, डब्यामागे डबा. मी ते उपकार म्हणून करत आलो, लोकही हात जोडतात. त्या खोलीतला दुसरा डबा माझ्या दुकानातल्या मोडक्या सामानातून काढलेला, जुना, वेगळ्याच बनावटीचा होता. चहा पिताना तो मला आठवला नाही असं म्हणालो तर ते दुसरं खोटं होईल. आठवला होता, आणि त्यातून तिसरी पद्धत जाणार नाही हेही मनात येऊन गेलं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि पुढची ओळ भरली.

एप्रिलमध्ये पेट्या बसल्या. बसवायला मी गेलो नाही, ठेकेदाराने दुसरा माणूस पाठवला. आकडे पेटीत पोचले की तिच्यावर हिरवा दिवा लागायचा. तो दिवा म्हणजे पेटीने आकडे घेतले, एवढंच. रुग्णालयात पोचले असं नव्हे. हे सिस्टरना कुणी सांगितलं नाही. पेटी बिचारी पुन्हा पुन्हा पाठवत राहायची, आणि मेन पाडला की पोटातलं सगळं विसरून जायची.

बाकीच्या सिस्टर दर आठवड्याला रुग्णालयात येत, तेव्हा राहिलेले आकडे तिथल्या संगणकात भरून टाकत. दोन डब्यांच्या घरातली ही सिस्टर एकटी सगळ्यांत लांबची. ती महिन्यातून एकदा यायची, नाहीतर तेही नाही. रुग्णालयाच्या पडद्यावर तिच्या गावांपुढे तीन महिने कोरे निघाले. कार्यालयाने मॅडमना विचारलं, यंत्र ठीक आहे ना. मॅडमनी माझा तक्ता काढून दाखवला. यंत्र तपासलेलं आहे, म्हणजे चूक माणसाची. सिस्टरला कारणे दाखवा नोटीस गेली. तिची नेमणूक वर्षावर्षाची, आणि वर्ष संपायला महिना उरला होता.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. मी दुकानात एकटाच होतो आणि तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

“भाऊ, तुमी त कागदावर लिहून देल्लं ना, का इथी चालते म्हनून?”

मी हो म्हणालो.

“मी रोज भरून राह्यली. रोज हिरवा दिवा लागून राह्यला. मंग मी खोटी का तुमचा कागद खोटा, एवढं सांगा.”

मी म्हणालो बघतो. म्हणालो, डब्याचं काही असेल. तिने एवढंच म्हटलं की बघा, आणि फोन ठेवला. त्या वेळी मी सरळ बोललो असतो तर पुढचे पंधरा दिवस तिला झोप लागली असती. मी बोललो नाही. मी ठेकेदाराला फोन केला.

तो मला तू म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. “काऊन मरून राह्यला बे? सर्व्हर बंद होता म्हनून सांगू. सर्व्हर काही भांडाले येत नाई.” मी म्हटलं, भाऊ, तिची नोकरी जाईल. त्यावर त्याचं म्हणणं असं, की तिला दुसरी मिळेल, सिस्टरची टंचाईच आहे, पण तक्ता खोटा निघाला तर आपल्याला दोन जिल्ह्यांत कुणी उभं करणार नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणूनच मला त्याचा राग आला, आणि त्या रागानेच मला गाडीवर बसवलं. सद्बुद्धी वगैरे काही नव्हती.

मार्चमध्ये जी तपासणी करायला हवी होती ती मी ऑगस्टमध्ये केली. सिस्टरने दार उघडलं, पाणी दिलं आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. आधी मी लॅपटॉप दुकानदाराच्या डब्याला जोडला. तिसऱ्या पद्धतीचे तुकडे गेले, उत्तर आलं. मग आतल्या, मी लावलेल्या डब्याला जोडला. साधी पद्धत गेली. मोबाइलवर चित्र हलतं तसं सगळं झकास. तिसऱ्या पद्धतीचं काहीच नाही. दहा वेळा करून बघितलं. मग सिम लावून मोबाइलवरून पाठवलं. तिथेही नाही. मोबाइलवाल्यांकडेही मोठा डबाच असतो, हजारो लोक एका पत्त्यामागे बसवलेले, आणि त्याने सगळे तुकडे गिळले. ज्या दोन रस्त्यांसाठी मॅडमनी ही पद्धत निवडली होती, ते दोन्ही या खोलीत पहिल्या दिवसापासून बंद होते.

मी तिला सांगितलं. कुठलाच शब्द गिळला नाही. हॉटेल, चहा, तक्ता, सगळं. तिने भाकरी तव्यावरून उतरवली आणि मगच वळली.

“वायर तुमीच ओढली, कागद तुमीच भरला, आन नोटीस मले.”

मी बैठकीला येतो म्हणालो. ती म्हणाली, “याचं असन त या. नाई आले तरी मी जाऊनच राह्यली.”

बैठक संस्थेच्या सभागृहात होती. टेबलाला मुख्य डॉक्टर, कार्यालयाचे दोघे, मॅडम, ठेकेदार आणि त्याच्या शेजारी मी. सिस्टर समोर एकट्या खुर्चीवर बसली होती. तिने रजिस्टर आणलं होतं. टॅबमध्ये भरण्याआधी ती सगळे आकडे वहीत लिहायची, तिची जुनी सवय. तीन महिन्यांची पानं, एकेका बाईचं नाव, वजन, तारीख.

मी पहिला अर्धा तास काही बोललो नाही. हे मी लपवणार नाही. ठेकेदाराने सर्व्हरचं सुरू केलं, कार्यालयातल्या एकाने मान डोलावली, आणि मला वाटलं, बघ, होतंय निभावून, नोटीसही रद्द होईल आणि तूही सुटशील. पण मॅडम म्हणाल्या, सर्व्हर बंद नव्हता, इतर गावांचं त्याच दिवसांत येत होतं. मग डॉक्टरांनी रजिस्टर ओढून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, मऊ बोलतात. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, “सिस्टर, वही आहे हे मान्य. पण एक पेन, एक शाई. एका बैठकीत कुणीही भरू शकतं. तुम्ही भरली असं मी म्हणत नाही.”

सिस्टरचा चेहरा एकदम उतरला, जणू बाकी सगळं तिने गृहीत धरलं होतं, फक्त हे नव्हतं.

एका बैठकीत, एका पेनाने भरलेलं. तो कागदही त्याच टेबलावर पडला होता, मॅडमच्या फाइलीत. मी उभा राहिलो तेव्हा ठेकेदाराने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. मी म्हटलं, साहेब, एका बैठकीत भरलेला कागद बघायचा तर तो तिकडे आहे. तो मी भरला. एटापल्लीच्या हॉटेलात. अकरातली सात घरं मी बघितलीच नाहीत, आणि मोबाइलचा रकाना एकाही घरात तपासला नाही. सिस्टरच्या घरून काही बाहेर पडूच शकत नाही, आणि ते तसं का, हे मला माहीत होतं, कारण तिच्या खोलीतला दुसरा डबा मीच लावलेला.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांनी एकच विचारलं, “सगळ्या घरांचं एकच उत्तर आलं, तेव्हा मीच विचारायला हवं होतं. कसं नाही विचारलं मी?” हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. तरी मी म्हणालो की तुमची चूक नाही, तुम्ही दोनदा सांगितलं होतं.

मग टेबलावर एकमेकांना सांभाळून घेणं सुरू झालं. तांत्रिक अडचणीमुळे नोंदी मिळू शकल्या नाहीत, असं लिहू, कुणाचं नाव नको, सिस्टरना तीन महिन्यांची मुदत देऊन बघू. सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. आयुष्यात फार कमी वेळा मी अडून बसलो आहे, त्या दिवशी बसलो. म्हणालो, अडचण तांत्रिक नाही, ती मी लपवली. तीन महिने बघायचं तर मला बघा. सिस्टरची नोटीस चुकीची होती असं लिहा आणि नेमणूक पूर्ण वर्षाची करा, नाहीतर या कागदावर माझी सही मिळणार नाही, आणि सहीशिवाय ती तांत्रिक अडचण कुणी सांगितली ते तुम्हालाच सांगावं लागेल. डॉक्टर म्हणाले, पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही, कल्पना आहे ना. मी म्हटलं, नका देऊ.

मी खाली बसलो नाही, बसलो असतो तर परत उठता आलं नसतं.

नोटीस लेखी मागे घेतली गेली. नेमणूक वर्षाची झाली. ठेकेदाराने मला त्याच दिवशी फाटकातच सोडून दिलं, मला त्याच्याच जीपमधून आणलेलं असूनही. माझी गाडी त्याच्या दारात राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी आणायला गेलो.

त्यानंतर मी उरलेली सगळी घरं केली. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी बोलावलंही नव्हतं. काही ठिकाणी दोन दोन खेपा पडल्या. काही घरांतून तिसरी पद्धत सरळ गेली. दोन घरांत घोळ सापडला. एकच यंत्र असेल तर जाते, आणि घरात दुसरं यंत्र त्याच पद्धतीने बोलू लागलं की दोघांची उत्तरं एकाच्याच पदरात पडतात, कारण डबा नुसता पत्ता बदलतो, नंबर बघत नाही. त्या दोनपैकी एक घर माझ्या पहिल्या चारांतलं होतं. म्हणजे मी जिथे खरोखर गेलो होतो तिथलं ‘चालते’ही अर्धंच खरं होतं. आणि जिथे डब्यामागे डबा आहे तिथे बहुतेक वेळा काहीच जात नाही. मोबाइलवरून तर जवळजवळ कुठेच नाही. हे सगळं मी मॅडमना दिलं, या वेळी प्रत्येक ओळीपुढे घरच्या माणसाची सही घेऊन.

मॅडमनी उपाय काढला. तिसऱ्या पद्धतीचा तुकडा त्या आता जुन्या, साध्या पद्धतीच्या पाकिटात घालून पाठवतात. डबा पाकीट ओळखतो आणि जाऊ देतो, आत काय आहे ते त्याला कळत नाही. पेटीवर आता दुसरा दिवा आहे, तो रुग्णालयाकडून पोच आली तरच लागतो. चालतं. मी जाऊन बघितलं आहे, म्हणून म्हणतो.

माझ्या धंद्यातले लोक म्हणतात, मग झालं ना, पाकिटात घाल आणि गप्प बैस, डब्याला काय कळतं. मी गप्प बसत नाही. चांगली पद्धत वेश बदलून जाते म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नव्हे. हे डबे आपण भिंतीवर ठोकतो, आणि आत काय टाकून दिलं जातं ते ज्याचं जातं त्यालाही कळत नाही. दुकानात डबे विकायला येणाऱ्या माणसाला मी आता विचारतो, हा अनोळखी तुकड्याचं काय करतो. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघतो. बघू दे. उत्तर नाही आलं तर मी तो डबा ठेवून घेत नाही, आणि न बघितलेल्या घरापुढे काही लिहीत नाही. मूलमध्ये मला यावरून हसतात. ‘घरी जाऊन पाहणारा’ असं म्हणतात. मला चालेल.

पण मी हे लिहायला बसलो ते डब्यांसाठी नाही.

दिवाळीनंतर मी सिस्टरची माफी मागायला गेलो. बैठकीत सगळं बोललो होतो, पण तिला समोरून मागितली नव्हती. उपकेंद्राच्या पडवीत ती एका बाळाचं वजन करत होती. तिने मला बाळ उतरवून, वहीत लिहून, टॅबमध्ये भरून होईपर्यंत उभं ठेवलं. मग म्हणाली, “माफी ठेवा तुमच्यापाशी. त्या टेबलाचे लोक आता मले फोन करून बोलतात, नमस्कार म्हनतात. ते झालं. पन इथल्या बायाईले काय सांगू? नोटीस आली हे गावात समजलं होतं. बाया मले विचारत, बाई, तू आमचं वजन घेऊन कुठी टाकत होती? आठ वर्षं झाले मी या लोकाईत. त्याईले कोन सांगन?”

मी म्हणालो, मी सांगतो.

“तुमाले माडिया येते?”

नाही म्हणालो.

“मंग माह्या मनचं नाई, तुमी बोलान तसंच सांगन मी. कमी नाई, जास्त नाई.”

तिने त्याच दुपारी मला पलीकडच्या टोल्यावर, गावापासून सुट्या वस्तीवर, नेलं. गोटुलासमोरच्या, म्हणजे त्यांच्या सभाघरासमोरच्या झाडाखाली पंधरावीस बाया बसल्या होत्या, काही टोपल्या विणत होत्या. सिस्टरने जोहार केला, मीही केला. मग मी बोलायला लागलो आणि एकेक वाक्य झालं की ती माडियात सांगायची. बैठकीपेक्षा हे अवघड होतं. डॉक्टरांना शब्द तरी माहीत होते. इथे मी म्हणालो, सिस्टर तुमचे आकडे रोज पाठवत होती. घरातल्या डब्याने ते पुढे जाऊ दिले नाहीत. डबा बोलत नाही, म्हणून तिला कळलं नाही.

एका म्हातारीने टोपली खाली ठेवली आणि काहीतरी विचारलं. बाकीच्या हसल्या. सिस्टर माझ्याकडे वळली, तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

“ती विचारून राह्यली, डबा कोनं लावला?”

मी म्हणालो, मी लावला.

म्हातारीने पुन्हा विचारलं. सिस्टर म्हणाली, “ती विचारते, नाई जात हे तुमाले मालूम होतं का?”

मी म्हणालो, माहीत होतं. सिस्टरने ते माडियात सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. कुणी हसलं नाही. म्हातारी सिस्टरकडे वळून तिच्याशी बोलू लागली. माझ्याशी नव्हे, सिस्टरशी. दोघींचं बोलणं लांबलं, मधूनमधून बाकीच्या बायाही त्यात शिरल्या. कुणाच्या तरी लेकीच्या दिवसांबद्दल असावं, सिस्टरने वही काढली. मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उभाच राहिलो, कारण आणखी कुणाला काही विचारायचं असेल तर मला तिथे असणं भाग होतं.